फोनमधलं गाणं खरंच आपलं असतं का? ॲप सोडून गेलेल्या एका बँडची आणि रायगडच्या किनाऱ्याची गोष्ट

ऑगस्ट २०२५ ची गोष्ट. कॅनडातल्या माँट्रियल शहरात एक बँड आहे. नाव जरा लांबलचक आहे, गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्परर. त्यांच्या चाहत्यांनी स्पॉटिफाय उघडलं, तर प्लेलिस्टमधली त्यांची गाणी राखाडी झालेली. दाबलं तरी वाजेनात. बँडनं आपलं संगीत स्पॉटिफायवरून आणि आणखी काही ॲपवरून काढून घ्यायला सुरुवात केली होती.

आता तुम्ही म्हणाल, या बँडचं नाव आम्ही पहिल्यांदाच ऐकतोय. तो गेला काय आणि राहिला काय, आपल्याला काय फरक पडतो?

बरोबर आहे. या बँडच्या गाण्यांना शब्द नसतात. एकेक गाणं वीस-वीस मिनिटांचं असतं. वरातीत ते वाजणार नाही आणि रीलमध्ये मावणार नाही. पण त्याच्या जाण्यानं एक प्रश्न समोर आणलाय. तो सिनेमाची गाणी ऐकणाऱ्यालाही लागू आहे आणि अभंग ऐकणाऱ्यालाही. आपण रोज जे ऐकतो ते आपल्याकडे आहे, की आपल्याला फक्त भाड्यानं मिळालंय?

मला हा प्रश्न त्याच्या पाच वर्षं आधीच पडला होता. श्रीवर्धन तालुक्यातल्या आमच्या घरात.

वादळात ॲप बंद पडलं तेव्हा

३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकलं. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर. श्रीवर्धन, दिवेआगर, म्हसळा, मुरुड या सगळ्या पट्ट्यात घरांचे पत्रे उडाले, कौलं फुटली, नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. विजेचे खांब मोडले. मोबाइलचे टॉवर बंद पडले. काही गावांत वीज यायला कित्येक आठवडे गेले.

लॉकडाऊनमुळे मी कॉलेजातून घरी आले होते. माझ्याकडे एका म्युझिक ॲपचं फुकटचं खातं होतं. त्यात तीन-चारशे गाणी जमवलेली. कुठलं दुःखी मूडसाठी, कुठलं प्रवासासाठी अशा याद्या करून ठेवलेल्या. नेट गेलं आणि त्यातलं एकही गाणं वाजेना. यादी दिसत होती, गाणी नव्हती.

वाजत होते ते दोनच अल्बम. हॉस्टेलवरच्या मैत्रिणीनं मेमरी कार्डवर टाकून दिलेले. तिनं ते कुठून मिळवले हे मी विचारलं नव्हतं, आणि त्याबद्दल पुढे बोलायचंच आहे. त्यातला एक या गॉडस्पीडचा होता. साल २००० चा, चार गाण्यांचा, तब्बल ८७ मिनिटांचा. नाव, लिफ्ट युअर स्किनी फिस्ट्स लाइक अँटेनाज टू हेवन. दुसरा होता टेक्सासच्या एक्स्प्लोजन्स इन द स्काय या बँडचा.

गावात एकाकडे जनरेटर होता. तिथं नंबर लावून फोन चार्ज करून आणायचा आणि रात्री पडवीत बसून अर्धा-पाऊण तास ऐकायचं. एकदा आजी शेजारी येऊन बसली. पाच-सात मिनिटं तिनं वाट पाहिली आणि विचारलं, "ह्याचं गाणं कधी सुरू व्हायचं?"

"हेच गाणं आहे, आजी. याला शब्द नाहीत."

ती जरा वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "मग खालू बाजासारखं म्हण की. त्याला तरी कुठे शब्द असतात?"

पोस्ट-रॉकची इतकी सोपी ओळख मी नंतर कुठे वाचलेली नाही.

पोस्ट-रॉक म्हणजे काय रे भाऊ?

खालू बाजा म्हणजे आपल्या कोकणातला लोकवाद्यांचा ताफा. सनई, ढोल, टिमकी, झांज. शिमग्यात, लग्नात वाजतो. संथ लयीत सुरू होतो, तेच वळण पुन्हा पुन्हा येतं, दर फेरीला थोडं अंगात येतं आणि कधी सगळं अंगण नाचायला लागलं ते कळत नाही. सांगायची गोष्ट असते, पण ती शब्दांतून सांगितली जात नाही.

पोस्ट-रॉकचं पुष्कळसं काम असंच चालतं. वाद्यं रॉकचीच. इलेक्ट्रिक गिटार, बेस, ड्रम. पण रॉकमध्ये ती ज्या कामाला येतात, त्या कामाला इथं येत नाहीत. मुखडा-अंतरा नाही. पुढे उभा राहून गाणारा हिरो बहुतेक वेळा नाही. गिटारचं काम धून वाजवण्यापेक्षा रंग भरण्याचं जास्त. एखादा सूर हळूहळू पसरतो, त्यावर दुसरा बसतो, पाच-सात मिनिटांनी ड्रम येतात आणि मग सगळं एकदम अंगावर कोसळतं. काही वेळा कोसळतच नाही, नुसतं विरून जातं.

हे नाव रूढ केलं ब्रिटिश समीक्षक सायमन रेनॉल्ड्स यांनी, १९९४ मध्ये. संगीत मात्र त्याआधीच सुरू झालं होतं. टॉक टॉक हा ब्रिटिश बँड आधी चांगला हिट पॉप वाजवायचा. १९८८ मध्ये त्यांनी स्पिरिट ऑफ ईडन हा अल्बम काढला, ज्यात शांततेलाच वाद्यासारखं वापरलं होतं. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या स्लिंट या पोरसवदा बँडचा स्पायडरलँड आला. आज हे दोन्ही अल्बम या प्रकाराचे पूर्वज मानले जातात.

मग आले शिकागोचे टॉर्टॉइज, ग्लासगोचे मॉग्वाय, जपानचे मोनो, आइसलंडचे सिगुर रोस. सिगुर रोसचं तर वेगळंच. २००२ मध्ये त्यांनी एक अल्बम काढला, त्याचं नाव म्हणजे नुसते दोन कंस. आत काहीच नाही. त्यात गाणारा आहे, पण तो ज्या भाषेत गातो ती भाषा अस्तित्वातच नाही.

हे ऐकून परकं वाटत असेल, तर एक सांगते. तुम्ही हे बहुधा ऐकलेलं आहे. ट्वेंटी-एट डेज लेटर या २००२ च्या सिनेमात ओस पडलेल्या लंडनमधून एकटा नायक चालत जातो, तिथं मागे गॉडस्पीड वाजतं. २००६ मध्ये बीबीसीनं प्लॅनेट अर्थ या मालिकेच्या जाहिरातीत सिगुर रोसचं गाणं वापरलं. एक्स्प्लोजन्स इन द स्कायनं फ्रायडे नाइट लाइट्स या सिनेमाला संगीत दिलं. त्यानंतर डोंगर, समुद्र आणि ड्रोन शॉट म्हटलं की मागे हळूहळू चढत जाणारी गिटार असं समीकरणच झालं. हरिहरेश्वरच्या समुद्राचं रील टाकताना तुम्ही जो आवाज निवडता, तो कदाचित याच घराण्याच्या दूरच्या नात्यातला असेल.

आणि लांबीचं म्हणाल, तर ज्या भाषेच्या लोकांनी विलंबित ख्यालासाठी रात्र रात्र मांडी घातली, त्यांना वीस मिनिटांची भीती कोणी घालावी?

आता बँडनं ॲप का सोडलं ते पाहू

जून २०२५ मध्ये एक बातमी आली. स्पॉटिफायचे सहसंस्थापक आणि तेव्हाचे सीईओ डॅनियल एक यांच्या प्रिमा मटेरिया या गुंतवणूक कंपनीनं हेल्सिंग या जर्मन कंपनीसाठीच्या ६० कोटी युरोंच्या गुंतवणुकीत पुढाकार घेतला. हेल्सिंग लष्करासाठी एआय सॉफ्टवेअर आणि ड्रोन बनवते. एक स्वतः तिचे अध्यक्ष आहेत.

यावर कलाकारांमध्ये नाराजी पसरली. आमच्या गाण्यांतून झालेली कमाई शस्त्रांकडे जाणार असेल तर आमची गाणी तिथं नकोत, असं म्हणत आधी अमेरिकेचा डीअरहूफ हा बँड बाहेर पडला. मग ऑस्ट्रेलियाचा किंग गिझर्ड अँड द लिझर्ड विझर्ड. सप्टेंबरमध्ये मॅसिव्ह अटॅक हे मोठं ब्रिटिश नाव आलं. ऑगस्टमध्ये गॉडस्पीडचं संगीत निघालं, ते याच लाटेतलं मानलं गेलं.

स्पॉटिफायचं म्हणणंही सांगायला हवं. कंपनीच्या मते स्पॉटिफाय आणि हेल्सिंग या दोन पूर्णपणे वेगळ्या कंपन्या आहेत, आणि हेल्सिंगचं काम युक्रेनसंदर्भात युरोपच्या संरक्षणाचं आहे. जानेवारी २०२६ पासून एक यांनी सीईओपद सोडून कार्यकारी अध्यक्षपद घेतलं. ही घोषणा सप्टेंबरच्या शेवटी झाली होती.

गॉडस्पीडसाठी अशी भूमिका नवी नाही. २०१३ मध्ये त्यांना कॅनडाचा पोलॅरिस पुरस्कार मिळाला. त्यांनी समारंभाच्या झगमगाटावरच टीका केली आणि बक्षिसाच्या ३० हजार डॉलरमधून क्विबेकच्या तुरुंगांतल्या कैद्यांसाठी वाद्यं घ्यायचं ठरवलं. २०२४ च्या अल्बमला तर त्यांनी नावच दिलं नाही. नावाच्या जागी १३ फेब्रुवारी २०२४ ही तारीख आणि त्या दिवसापर्यंतचा गाझातल्या मृतांचा आकडा आहे, २८,३४०. शब्द नसलेला बँड राजकारण कसा करतो, याचं हे उत्तर.

३० सेकंदांचं गणित

पण शस्त्रांचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवा. तो नसता तरी हे संगीत आणि हे ॲप यांचं लग्न मुळात जमणारं नव्हतंच. कसं ते बघा.

स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद वाजलं की एक स्ट्रीम मोजली जाते. ठरावीक स्ट्रीमला ठरावीक पैसे असं नसतं. जमलेल्या पैशांचा मोठा वाटा, कंपनी म्हणते साधारण दोन तृतीयांश, हक्कधारकांकडे जातो आणि एकूण स्ट्रीममध्ये तुमच्या स्ट्रीम किती यावर त्याची वाटणी होते.

आता ८७ मिनिटांचा तो अल्बम घ्या. त्यात गाणी चार. म्हणजे तुम्ही तो पूर्ण, मन लावून ऐकलात तर स्ट्रीम होतात चार. तेवढ्याच वेळात तीन-तीन मिनिटांची गाणी ऐकली तर होतात २९. तुमचा वेळ तेवढाच गेला, पण हिशेबात सात पटींहून जास्त फरक पडला. आणि जो ३१ व्या सेकंदाला पुढे सरकला, त्याची आणि जो वीस मिनिटं डोळे मिटून बसला त्याची, दोघांचीही स्ट्रीम एकच.

त्यात २०२४ च्या सुरुवातीपासून आणखी एक अट आली. गेल्या बारा महिन्यांत किमान एक हजार स्ट्रीम झाल्या नाहीत तर त्या गाण्याला रॉयल्टीच्या वाटणीत जागा नाही. मोठ्यांना याची झळ लागत नाही. नुकत्याच सुरू झालेल्या बँडला लागते.

थोडक्यात, या यंत्रणेत लहान गाणं काढण्यात फायदा आहे, पहिल्या अर्ध्या मिनिटात पकडण्यात फायदा आहे. पोस्ट-रॉक पहिल्या अर्ध्या मिनिटात जेमतेम श्वास घेतं.

ऐकणाऱ्याच्या बाजूनंही तेच. २०२३ च्या अखेरीस स्पॉटिफायनं भारतातल्या फुकट वापरकर्त्यांना गाणी हव्या त्या क्रमानं ऐकण्यावर बंधनं आणली. २०२५ मध्ये ती काही प्रमाणात सैल केली. एकेक सुटं गाणं ऐकणाऱ्याला क्रम बदलल्याचं फारसं जाणवत नाही. पण जो अल्बम एकच सलग गोष्ट म्हणून रचलाय, त्याचा क्रम मोडणं म्हणजे कीर्तनात आख्यान आधी आणि नमन शेवटी.

मग बँडनं बरोबर केलं का?

तत्त्व म्हणून, हो. गाणं त्यांचं, ते कुठे वाजावं हे ठरवायचा हक्क त्यांचा.

पण या निर्णयाची किंमत कोणी मोजली हेही बघायला हवं. लंडन-न्यूयॉर्कच्या चाहत्याकडे दुसरे मार्ग आहेत. गल्लीत रेकॉर्डचं दुकान आहे, वर्षा-दोन वर्षांत बँड शहरात वाजवायला येतो. श्रीवर्धन, मुरुड, रेवदंड्याच्या चाहत्याकडे काय आहे?

एके काळी निदान मुंबईचा रस्ता होता. मांडव्याहून बोटीनं गेटवेला उतरायचं आणि चालत काळा घोड्याला ऱ्हिदम हाउस गाठायचं. अलिबागची जुनी मंडळी अजून त्या दुकानाच्या गोष्टी सांगतात. ते दुकान २०१६ च्या फेब्रुवारीअखेर बंद झालं. मुंबईतल्या क्लबात गिग असते, पण ती संपेपर्यंत मांडव्याची शेवटची बोट सुटलेली असते. पावसाळ्यात गेटवेच्या प्रवासी बोटी बंदच असतात, रो-रोवर भिस्त. २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू झाला, अंतर कमी झालं. पण सेतूवरून जायला आधी गाडी लागते. श्रीवर्धनच्या पोराला एसटीच.

म्हणजे शहराबाहेरच्या माणसासाठी ॲप हा सोयीचा एक पर्याय नव्हता, एकमेव दरवाजा होता. स्पॉटिफाय भारतात आलं फेब्रुवारी २०१९ मध्ये. त्यानंतरच आमच्यासारख्या कित्येकांना माँट्रियल आणि ग्लासगो सापडलं. ॲपला शिव्या घालणं सोपं आहे, पण हे उपकार नाकारता येत नाहीत. बँड तत्त्वानं बाहेर पडला आणि दरवाजा बंद झाला तो दूरच्या माणसाचा.

यात खरी चूक बँडची नाही. चूक आपण एकाच दरवाजावर सगळा संसार थाटला यात आहे.

कारण दरवाजा बंद व्हायला राजकारणच लागतं असं नाही. २०२४ मध्ये जानेवारीअखेर रेसो भारतातून गेलं. त्याच वर्षी एअरटेलनं विंक म्युझिक बंद करायचं जाहीर केलं. धंद्याचे निर्णय होते, कुणाची भूमिका वगैरे काही नव्हती. लोकांनी वर्षानुवर्षं जमवलेल्या याद्या मात्र गेल्या. पैसे भरून डाउनलोड केलं तरी मालकी मिळत नाही. स्पॉटिफायवर डाउनलोड केलेली गाणी चालू राहायची तर ३० दिवसांतून एकदा तरी नेटला जोडावं लागतं. निसर्ग वादळानंतर ज्या गावांत महिनाभर नेटवर्क नीट आलं नाही, तिथं पैसे भरलेल्याचीही गत माझ्यासारखीच.

आपल्याकडे या संगीताचं काय चाललंय?

अगदी परदेशातलीच गोष्ट आहे असं समजू नका. अहमदाबादेत सुरू झालेला ॲजवीकीपसर्चिंग हा बँड भारतातल्या पोस्ट-रॉकचं सगळ्यात ओळखीचं नाव आहे. उद्दीपन सर्मा हा त्याचा मुख्य चेहरा. त्यांच्या अल्बमची नावंच बघा, ख्वाब, झिया, रूह. २०१५, २०१७ आणि २०१९. इंग्रजीची नक्कल न करता, कधी मोजके हिंदी शब्द घेत, कधी शब्दांशिवाय त्यांनी आपली वाट काढली आणि युरोपात जाऊन वाजवलं. बेंगळुरूचा अन्टिल वुई लास्ट हाही याच वाटेवरचा.

महाराष्ट्रात या प्रकाराला मोठा मंच दिला तो पुण्यानं. २०१० पासून सुरू झालेल्या एनएच-सेव्हन वीकेंडर महोत्सवात २०१५ मध्ये खुद्द मॉग्वाय येऊन वाजवून गेले. वर्षानुवर्षं ज्यांना फक्त इअरफोनमध्ये ऐकलं, त्यांना आपल्याच मातीवर उभं राहून ऐकायला मिळालं.

याच मॉग्वायची पुढची गोष्ट महत्त्वाची आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांचा दहावा अल्बम, ॲज द लव्ह कंटिन्यूज, ब्रिटनच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेला. पंचवीस वर्षं वाजवणाऱ्या, जवळपास शब्दच न वापरणाऱ्या बँडचा पहिला नंबर वन! हे झालं कसं? त्या यादीत विकत घेतलेल्या अल्बमचं वजन मोठं असतं, आणि मॉग्वायच्या चाहत्यांनी अल्बम विकत घेतला. नुसता स्ट्रीम केला असता तर तीस सेकंदांच्या गणितात तो कुठल्या कुठे गेला असता.

सगळं पोस्ट-रॉक थोर असतं असंही नाही. हळू सुरुवात, मग चढ, मग स्फोट, या साच्यात शेकडो बँड अडकलेत. सातव्या मिनिटाला काय होणार हे पहिल्याच मिनिटाला कळतं, अशी तक्रार या संगीताचे जुने चाहतेच करतात. म्हणून कुठून सुरुवात करायची हे महत्त्वाचं.

ऐकायचं कसं?

पहिल्यांदाच ऐकत असाल तर गॉडस्पीडपासून सुरू करू नका. पोहायला शिकताना थेट भरतीत उतरण्यासारखं होईल ते. एक्स्प्लोजन्स इन द स्कायचा २००३ चा अल्बम घ्या, द अर्थ इज नॉट अ कोल्ड डेड प्लेस. पाचच गाणी, पाऊण तास. मग ॲजवीकीपसर्चिंगचा झिया. मग मॉग्वायचा १९९७ चा यंग टीम. गॉडस्पीड शेवटी.

ॲपवर ऐकणार असाल तर तीन गोष्टी बघा. शफल बंद करा. दोन गाणी एकमेकांत मिसळणारं क्रॉसफेड शून्यावर ठेवा. आणि अल्बम अल्बमच्या पानावरूनच लावा. आवाजाची पातळी सारखी करण्याची सोय स्पॉटिफायवर असते. अल्बम क्रमानं लावला तर ती आतल्या गाण्यांमधला लहान-मोठ्या आवाजाचा फरक जपते. शफलमध्ये प्रत्येक गाणं एकाच पातळीवर आणलं जातं. ज्या संगीतात सगळा जीव हळू आणि मोठ्या आवाजाच्या फरकातच आहे, तिथं तो फरक गेला की उरतं काय?

आणि गाडीवर ऐकू नका. पहिली चार मिनिटं वाऱ्यातच जातील.

शांततेची ही गरज आपल्या जिल्ह्याला फार जुनी माहीत आहे. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकीय नोंदी बिघडणार हे दिसायला लागलं. मग १९०४ मध्ये अलिबागला चुंबकीय वेधशाळा सुरू झाली. पृथ्वीची बारीक थरथर टिपायची तर शहराच्या गोंगाटापासून लांब जावं लागतं, एवढं साधं कारण. ती वेधशाळा आजही तिथं आहे. सेतू, महामार्ग, बंगल्यांच्या वसाहती सगळं आपल्याकडे सरकत असताना, रात्री दहानंतर फक्त समुद्र ऐकू येणारी गावं अजून आपल्याकडे आहेत. ऐकायला याहून चांगली खोली मुंबईत पैसे देऊनही मिळत नाही.

आणि ठेवायचं कसं?

ॲप काढून टाका असं मी म्हणत नाही. मीही काढलेलं नाही. शोधायला, चाखायला ॲपसारखी सोय नाही. पण जे संगीत तुम्हाला वर्षानुवर्षं लागणार आहे, ते विकत घ्या. सगळं नाही, वर्षाला तीन-चार अल्बम.

बँडकॅम्प या साइटवर बहुतेक पोस्ट-रॉक बँडचे अल्बम मिळतात. ॲपवरून गेल्यावरही गॉडस्पीडचे अल्बम तिथं मिळत राहिले. डिजिटल विक्रीवर साइट साधारण १५ टक्के घेते, पैसे देण्या-घेण्याचा खर्च वेगळा, उरलेला मोठा भाग बँडला किंवा त्यांच्या लेबलला जातो. अल्बम साधारण सात ते दहा डॉलरला पडतो. म्हणजे सहाशे-सातशेपासून नऊशे रुपयांपर्यंत. स्वस्त नाही, मान्य आहे. पण फाइल तुमची होते. फोन बदला, नेट जाऊ द्या, बँडचं आणि ॲपचं भांडण होऊ द्या, ती वाजते.

एक अडचण येईल. २०२० मधल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार आधीपासून सुरू नसतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते सुरू करा, मर्यादा लहान ठेवा, खरेदी झाली की बंद करा. घेतलेल्या फाइल दोन ठिकाणी ठेवा. फोन समुद्रात पडतो, हे किनाऱ्यावरच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

गॉडस्पीडनं १९९७ मध्ये पहिला मोठा अल्बम काढला तेव्हा पहिल्या पाचशे प्रतींची पाकिटं हातानं भरली होती. प्रत्येकात रेल्वेखाली चेपलेलं एक नाणं होतं. आणि त्या तबकडीची शेवटची खाच अशी कापली होती की सुई उचलल्याशिवाय संगीत थांबतच नाही. कधी थांबायचं ते ऐकणाऱ्यानं ठरवायचं.

मी सप्टेंबरमध्ये तो ८७ मिनिटांचा अल्बम विकत घेतला. पाच वर्षं फुकट ऐकल्यावर. मैत्रिणीनं दिलेल्या कार्डावरची जुनी फाइल पुसून नवी टाकली. दिवाळीत घरी गेले तेव्हा पडवीत लावला. आजीनं या वेळी गाणं कधी सुरू होणार असं विचारलं नाही. तिनं विचारलं, "हे तेच ना, लाइट नव्हती तेव्हाचं?"

वादळानंतर लावलेल्या पोफळी आता घराच्या पत्र्याला टेकल्यात. काहींना पहिल्यांदाच फळ धरलंय.

तुमच्याकडे असं कुठलं गाणं आहे, जे उद्या ॲपवरून गेलं तर तुम्हाला चुकल्यासारखं होईल? आज उघडून बघा, ते नेमकं कुठे ठेवलंय. आणि ते कुठलं आहे, हे आम्हाला कमेंटमध्ये सांगा.